लाइटसेबरच्या मुठीतला बोर्ड: आकृती हाती नसताना केलेली उकल

पिक्सेल पात्याचा लाइटसेबर, म्हणजे 'स्टार वॉर्स' चित्रपटातल्या प्रकाशाच्या तलवारीची प्रतिकृती, घरात आहे, तो अचानक पेटेनासा झाला आहे, विक्रेता उत्तर देत नाही आणि आतल्या बोर्डाच्या सर्किटची आकृती कुठेच मिळत नाही, अशा अवस्थेत जो कोणी असेल त्याच्यासाठी हे लिहिते आहे. मी पुण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. ट्रान्झिस्टर फळ्यावर काढायची सवय होती, जेमतेम तीन मिलिमीटरचा ट्रान्झिस्टर चिमट्याने उचलायची नव्हती. सप्टेंबर २०२४ मध्ये हात घातलेलं हे काम मे २०२५ मध्ये पुरं झालं. मध्ये दिवाळी, बारावीची परीक्षा आणि दोन-तीन परवानग्या येऊन गेल्या.

खरेदीपासून सांगते, कारण पहिली अडचण तिथेच येते. माझा भाऊ सिएटलला असतो. जानेवारी २०२४ मध्ये त्याने माझ्यासाठी आणि माझ्या मुलीसाठी सेबरची जोडी घ्यायचं ठरवलं. म्हणाला, "गिफ्ट म्हणून टाकतो, म्हणजे ड्यूटीची भानगड नको." हे आता चालत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयाने अधिसूचना काढली आणि टपालाने किंवा कुरिअरने 'भेट' म्हणून माल सोडवून घेणं बंद केलं. अपवाद राहिले ते जीवनरक्षक औषधं आणि राखी यांचे. पूर्ण शुल्क भरून मात्र वस्तू आणता येते. म्हणून त्याला म्हटलं, "दादा, गिफ्ट लिहू नकोस, बिलावरची खरी किंमत लिही, बिलाची प्रत डब्याच्या बाहेर चिकटव आणि वस्तूचं वर्णन नीट कर."

वर्णनाचा मुद्दा महत्त्वाचा निघाला. कुरिअरने केवायसीसाठी आधार आणि पॅन मागितलं ते ठीक, पण मग विचारणा आली की हे खेळणं आहे का? १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू आहे, आयएसआय चिन्हाशिवाय खेळणी आत येत नाहीत. त्या आदेशात खेळणं म्हणजे १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळासाठी केलेली वस्तू. आमची मूठ अ‍ॅल्युमिनियमची, प्रौढ संग्राहकांसाठी बनवलेली आणि विक्रेत्याच्या पानावर तसं स्पष्ट लिहिलेलं. त्या पानाचा प्रिंट, बिल आणि माझ्या सहीचं पत्र पाठवलं. तीन आठवडे 'प्रक्रिया सुरू आहे' एवढंच दिसत राहिलं, रोज सकाळी ते पान उघडून बघायची चटक लागली. फेब्रुवारीच्या शेवटी पार्सल सुटलं. शुल्काचा अंदाज करताना एक लक्षात ठेवा, ते नुसत्या वस्तूच्या किमतीवर लागत नाही. वाहतूक आणि विमा त्यात धरतात, मग सीमाशुल्क, त्यावर समाजकल्याण अधिभार आणि या सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी. म्हणजे महागडं कुरिअर निवडलं तर दोनदा महाग पडतं.

बॅटरी आली नव्हती, लिथियम सेलच्या हवाई वाहतुकीचे नियम कडक असल्यामुळे बरेच विक्रेते ती काढूनच पाठवतात. १८६५० आकाराचे दोन सेल पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, तापकीर गल्लीतून, प्रत्येकी साडेचारशेला घेतले. त्याच गल्लीत ९९०० मिलिअँपिअर-तास छापलेले सेल शंभर रुपयांत मिळतात. ते घेऊ नका. या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता साडेतीन हजाराच्या आसपास संपते, त्याच्या तिप्पट आकडा छापणाऱ्याच्या बाकीच्या दाव्यांवरही विश्वास ठेवायचं कारण नाही.

ज्यांनी ही वस्तू हातात घेतलेली नाही त्यांच्यासाठी थोडं. १९७७ च्या पहिल्या 'स्टार वॉर्स'मधली ल्यूक स्कायवॉकरची मूठ म्हणजे जुन्या ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या फ्लॅशची नळी होती आणि पात्याचा प्रकाश नंतर चित्रफितीवर रंगवून घातला होता. आजच्या प्रतिकृतींत तो प्रकाश खरोखर पात्यात असतो. पॉलिकार्बोनेटच्या नळीत एलईडींच्या दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून बसवलेल्या असतात, एका मीटरला १४४ एलईडी. आमचं पातं साधारण ९० सेंटिमीटरचं, म्हणजे एका बाजूला १३० आणि दोन्ही मिळून २६० एलईडी. प्रत्येकाच्या पोटात स्वतःची चिप. मुठीत सेल, स्पीकर आणि अंगठ्याएवढा बोर्ड. हात फिरवला की आवाज बदलतो, पाती आपटली की लख्ख पांढरं चमकतं. मला ही वस्तू मनापासून आवडते. ती कशी चालते हे कळलं तर आणखी आवडेल, असं पहिल्या दिवसापासून वाटत होतं, पण चालू वस्तू उघडायला मन धजत नव्हतं.

जुलैमध्ये मुलीच्या हातातला सेबर गेला. आवाज सगळे येत होते, पातं मात्र काळं. त्या आठवड्यात तिने पांढरा रंग ठेवला होता, हा तपशील तेव्हा कुणाला महत्त्वाचा वाटला नाही. विक्रेत्याचं पहिलं उत्तर आलं, पातं बदलून पाहा. पाहिलं. तिचं पातं माझ्या मुठीत छान पेटलं, माझं तिच्या मुठीत पेटलं नाही. दोष मुठीतच होता. ते कळवल्यावर पुढच्या मेलांना उत्तर आलं नाही.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक काका राहतात. आयुष्यभर टीव्ही दुरुस्त केले, बुधवार पेठेत दुकान होतं. अनंत चतुर्दशी झाल्यावर दोन्ही मुठी घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "चालू असलेला दुसरा आहे ना? मग अगं, आकृती कशाला हवी? तीच आकृती." पुढचे सगळे महिने याच वाक्यावर काढले. एकसारख्या दोन वस्तू असतील आणि त्यातली एक चालत असेल, तर चालणारीला काही होऊ न देणं हे पहिलं काम. तुमच्याकडे एकच असेल तर तसाच सेबर असलेला माणूस शोधा, तासाभरासाठी का होईना.

सेल आधी काढला. मुठीच्या गळ्याजवळचे बारीक स्क्रू दीड मिलिमीटरच्या अ‍ॅलन पान्याने निघाले, मागची टोपी फिरवून काढली आणि आतला सांगाडा सरकत बाहेर आला. वायरींचे रंग दोन मुठींत वेगळे होते! लाल म्हणजे धन असं धरून चालायचं नाही, हे तिथेच समजलं. प्रत्येक टप्प्याचा फोटो आलेख कागदावर ठेवून काढला, म्हणजे मोजमापही फोटोतच राहतं. काकांचा क्रम ठरलेला होता: आधी नजर, मग नाक, मग मीटर आणि वीज सर्वांत शेवटी. भिंगाखाली काही दिसलं नाही. नाकाला मात्र कळलं, पात्याच्या जोडणीजवळ करपल्याचा हलका वास होता.

तिथे तीन पायांचा एक काळा तुकडा होता, त्यावर 'ए२एसएचबी' अशी अक्षरं. बारीक तुकड्यांवर पूर्ण नाव मावत नाही, म्हणून असे संकेत छापतात. हा संकेत एसआय२३०२ या एन-चॅनेल मॉस्फेटचा, म्हणजे स्विचसारखा वापरायच्या ट्रान्झिस्टरचा. सुमारे २.८ अँपिअर पेलणारा. मल्टीमीटर बझरवर ठेवून (दोन टोकं जोडलेली असली की तो वाजतो) वाट शोधली. पात्याचा धन थेट सेलला जातो, ऋण मात्र या मॉस्फेटमधून जमिनीला, म्हणजे सेलच्या ऋण टोकाला. म्हणजे पात्याचा खरा स्विच हाच, मुठीवरचं बटण फक्त प्रोसेसरला निरोप देतं.

मग वीज. सेल न लावता काकांचा बेंच सप्लाय लावला, ३.७ व्होल्टवर आणि प्रवाहाची मर्यादा अर्ध्या अँपिअरवर ठेवून. ही मर्यादा लावता येणारा सप्लाय नसेल तर उसना आणा. लिथियम सेल शॉर्ट झाला तर तो विचार करायला वेळ देत नाही. बोर्ड शांतपणे सुरू झाला. मर्यादा हळूहळू वाढवत दोन्ही मुठी मोजल्या. बटण दाबल्यावर दोन्हीकडे मॉस्फेटच्या गेटवर, म्हणजे हुकूम घेणाऱ्या पायावर, ३.३ व्होल्ट येत होते, म्हणजे प्रोसेसर आपलं काम करत होता. चांगल्या मुठीत ड्रेनवर, म्हणजे पात्याकडच्या पायावर, जवळजवळ शून्य. बिघडलेल्या मुठीत तिथे सप्लायएवढाच व्होल्टेज, म्हणजे स्विच आतून जोडलाच जात नव्हता. काका म्हणाले, "बहुतेक वेळा हे शॉर्ट होऊन मरतात, हा आतून तुटलाय."

बदली म्हणून एओ३४०० घेतला. पायांची मांडणी तीच, क्षमता ५.८ अँपिअर, आणि गेटवर अडीच व्होल्ट असले तरी पुरेसा उघडतो. हे शेवटचं तपासायला विसरू नका, कारण बरेच मॉस्फेट १० व्होल्टच्या गेटसाठी केलेले असतात आणि ३.३ वर अर्धवटच उघडतात. दहा नगांची पट्टी पन्नास रुपयांना मिळाली. आजूबाजूच्या भागांना उष्णता झेलणारी कॅप्टॉन टेप लावून काकांनी हॉट एअरने, म्हणजे गरम हवेच्या झोताने, जुना काढला, नवा बसवला. पातं पेटलं. मुलीने खोलीभर उड्या मारल्या आणि मलाही भरून आलं.

काम इथे थांबवता आलं असतं. थांबले नाही, कारण एक आकडा डोक्यात अडकला होता. चांगल्या मुठीत पांढरा रंग लावून मोजलं तेव्हा मॉस्फेटवर ०.३ व्होल्टच्या आसपास पडत होते आणि वायरीभोवती चिमटा लावून मोजणाऱ्या डीसी क्लॅम्प मीटरवर प्रवाह साडेतीन अँपिअर दिसत होता. गुणाकार केला की एक वॉट. तीन मिलिमीटरच्या, श्वास घ्यायला जागा नसलेल्या तुकड्यात एक वॉट! म्हणजे माझी मूठही त्याच वाटेवर होती. नवा मॉस्फेट निम्म्याहून कमी तापतो, पण प्रवाह तेवढाच राहतो. सेल, वायरी आणि पात्याच्या स्प्रिंगच्या पिना यांच्यावरचा भार कमी झालेला नाही. तो प्रवाह मुळात ठरवतं कोण, हे समजून घ्यायचं होतं.

त्यासाठी पात्याकडे जाणारी तिसरी वायर, म्हणजे डेटा, ऐकायला हवी होती. आमच्या प्रयोगशाळेत डिजिटल ऑसिलोस्कोप आहे, व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणारा, पण तो डेड स्टॉक रजिस्टरवर, म्हणजे कॉलेजच्या मालमत्तेच्या नोंदवहीत, बाहेर नेता येत नाही. विभागप्रमुखांमार्फत प्राचार्यांना अर्ज दिला. 'वैयक्तिक अभ्यासासाठी' असं लिहिलेला पहिला मसुदा विभागप्रमुखांनी प्रेमाने परत केला आणि 'एलईडी संदेशवहनाचा अभ्यास, पुढे विद्यार्थ्यांसाठी प्रात्यक्षिक' असं लिहायला सांगितलं. ते खरंही होतं, तो प्रयोग मी यंदा वर्गात दाखवला. साधारण दोन आठवड्यांनी परवानगी आली. दिवाळीच्या सुट्टीत, प्रयोगशाळा साहाय्यक हजर असताना, उपकरण जागेवरून न हलवता. साहाय्यकांना सुट्टीत यावं लागणार होतं, त्यांच्या सोयीचे दिवस आधी विचारून मगच तारखा लिहिल्या. अर्ज करणाऱ्यांनी हे जरूर करावं.

काका आले, आणि माझा एक जुना विद्यार्थी हिंजवडीत एम्बेडेड सॉफ्टवेअरचं काम करतो, तोही आला. त्याने सांगितलं, "मॅडम, ऑसिलोस्कोपवर लाटेचा आकार बघू, पण मजकूर वाचायला लॉजिक अ‍ॅनालायझर घ्या, स्वस्त मिळतो." आठ वाहिन्यांचा, यूएसबीवर चालणारा आठशे रुपयांत मिळाला. सोबत पल्सव्ह्यू हे मोफत सॉफ्टवेअर.

या एलईडींची भाषा गुपित नाही. डब्ल्यूएस२८१२बी या जातीच्या एलईडीचं माहितीपत्रक कुणालाही मिळतं. एक बिट सव्वा मायक्रोसेकंदाचा. त्यात रेषा सुमारे ०.४ मायक्रोसेकंद वर राहिली तर शून्य, ०.८ राहिली तर एक. प्रत्येक एलईडीला २४ बिट, क्रम हिरवा, लाल, निळा. पहिला एलईडी आपले २४ बिट ठेवून घेतो आणि उरलेले पुढे ढकलतो. म्हणजे एका एलईडीला ३० मायक्रोसेकंद आणि १३० एलईडींच्या पूर्ण चित्राला चार मिलिसेकंदांच्या जरा आत. दोन्ही पट्ट्यांना एकच वायर जाते, म्हणून दोन्ही बाजूंना तेच चित्र दिसतं. मापन २४ मेगाहर्ट्झवर ठेवा. एक मेगाहर्ट्झवर ठेवलं तर ०.४ आणि ०.८ मधला फरकच हरवतो आणि डीकोडर काहीबाही आकडे दाखवतो.

पहिल्यांदा पडद्यावर आकड्यांची रांग उमटली तेव्हा आम्ही तिघं काही वेळ बोललोच नाही. पातं वर सरकत पेटतं ते रांगेतले शून्य एकेक करून भरत जाताना दिसत होतं. आपटल्यावर सगळे आकडे काही क्षण २५५ होत. मुख्य गोष्ट: पांढऱ्या रंगाला प्रत्येक एलईडीला २५५, २५५, २५५ जात होते, म्हणजे पूर्ण जोर. माहितीपत्रकाच्या जुन्या हिशेबाने एका रंगाला २० मिलिअँपिअर धरले तर २६० एलईडींना पांढऱ्यात पंधरा अँपिअरच्या वर लागतील. नवे एलईडी कमी घेतात आणि बारीक वायरींत व्होल्टेजही पडतो, म्हणून प्रत्यक्षात साडेतीनवर अडलं होतं. बोर्ड कुठलाही लगाम लावत नव्हता.

ऑसिलोस्कोपने आणखी एक कोडं सोडवलं. टेबलावर पाच व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवर पातं लावलं की ते थरथरत होतं, सेलवर लावलं की स्थिर. पातं बिघडलं की काय अशी धास्ती वाटली होती. कारण साधं होतं. एलईडीला 'एक' ओळखायला स्वतःच्या पुरवठ्याच्या ०.७ पट व्होल्टेज लागतो. पुरवठा ४.२ असेल तर २.९४ पुरतात आणि बोर्ड ३.३ देतो. पुरवठा पाच झाला की साडेतीन लागतात, तिथे ३.३ अपुरे पडतात. टेबलावर चाचणी करणाऱ्यांनी पात्याला चार व्होल्टच्या आसपासच ठेवावं.

स्पीकरजवळ ऑसिलोस्कोप नेताना जपून. आमच्या बोर्डावर आठ पायांचा '८००२' अँप्लिफायर आहे, त्याची दोन्ही टोकं जिवंत असतात, स्पीकरचं एकही टोक जमिनीला नसतं. प्रोबची जमीन तिथे लावली तर अँप्लिफायर जायचा. काकांनी हात धरूनच थांबवलं.

प्रोसेसरवरचं नाव घासून काढलेलं होतं. गतिसंवेदकावरचंही. इथे बरेच जण नाद सोडतात, पण चिप काही ना काही बोलतच असते. संवेदकाकडे जाणाऱ्या दोन रेषांना ४.७ किलोओहमचे दोन पुल-अप रोध होते, म्हणजे बहुधा आय-स्क्वेअर्ड-सी, चिपांनी दोन वायरींवर आपसांत बोलायची पद्धत. संवेदकाचे पाय पोटाखाली, प्रोब लावणं अशक्य. त्या रोधांच्या टोकांना मात्र हूक सहज बसतात, वायर तीच. सेबर सुरू केला आणि पहिल्याच संवादात प्रोसेसरने हेक्स ६ए या पत्त्यावर विचारलं, ०एफ क्रमांकाच्या नोंदीत काय आहे? उत्तर आलं, ६९. ही 'मी कोण' सांगणारी नोंद असते. पत्ता, नोंद आणि उत्तर, तिन्ही एलएसएम६डीएस३ या संवेदकाच्या माहितीपत्रकाशी जुळले. नाव घासून टाकलेल्या चिपने आपण होऊन नाव सांगितलं. या सगळ्या महिन्यांतला माझा सर्वांत आनंदाचा क्षण तो.

प्रोसेसरला ४८ पाय होते. जमीन आणि ३.३ व्होल्ट कुठल्या पायांना जातात ते बझरने नोंदवलं: २३, ३५, ४७ जमीन, २४, ३६, ४८ पुरवठा. ही मांडणी एसटीएम३२एफ१०३ ची किंवा तिच्या असंख्य जुळ्यांपैकी एकीची. ३४ आणि ३७ क्रमांकाचे पाय बोर्डाच्या कडेच्या दोन उघड्या ठिपक्यांना गेलेले, म्हणजे डीबगची वाट, बाहेरून प्रोसेसरच्या आत डोकवायची. त्या वाटेला संगणक जोडणारा तीनशे रुपयांचा एसटी-लिंक लावला, ओळख क्रमांक मिळाला, पण आतली मेमरी वाचायला गेल्यावर वाचन-संरक्षण चालू असल्याचा संदेश आला.

इथे सावध राहा. सॉफ्टवेअर संरक्षण काढायचा पर्याय समोर ठेवतं. तो दाबला की कुलूप निघतं खरं, पण आतला प्रोग्राम पूर्ण पुसून. निर्मात्याकडून तो पुन्हा मिळणार नसेल तर हातात मुकी पट्टी उरते. विद्यार्थी म्हणाला, संरक्षण चुकवण्याच्या युक्त्याही आहेत. आम्ही तिकडे गेलो नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१) मध्ये कायदेशीररीत्या मिळवलेल्या प्रोग्रामचं काम कसं चालतं याचं निरीक्षण, अभ्यास आणि चाचणी करायला मुभा आहे, आणि आम्ही करत होतो ते तेवढंच. दुसऱ्याचा प्रोग्राम बाहेर काढून करायचं तरी काय होतं? मला प्रवाह कमी करायचा होता. शिवाय असा बोर्ड आतून कसा विचार करतो हे जाणून घ्यायला फ्रेडरिक ह्युबिनेट यांचं प्रॉफीओएस हे सेबरच्या बोर्डाचं सॉफ्टवेअर खुलं पडलेलं आहे. विद्यार्थ्याने त्यातला पात्याचा भाग मला ओळ न ओळ समजावला.

जानेवारी-फेब्रुवारीत प्रात्यक्षिक परीक्षा आणि मग बारावीची लेखी परीक्षा, प्रयोगशाळा बंद. त्या काळात घरी बोर्डावरचं मेमरी कार्ड पाहिलं. हात लावण्याआधी कार्डाची पूर्ण प्रतिमा संगणकावर घेतली, मूळ कार्ड पाकिटात बंद करून ठेवलं आणि पुढचं सगळं नव्या कार्डावर केलं. आत साध्या डब्ल्यूएव्ही फाइली: सुरू होण्याचा, बंद होण्याचा, आपटण्याचा आवाज आणि गुणगुण. हात फिरवल्यावरचा आवाज एक सलग फाइल असेल असं मला वाटत होतं. निघाल्या जोड्या. थोड्या वेगळ्या सुरांतल्या दोन गुणगुणी सतत चालू असतात आणि हाताच्या वेगाप्रमाणे एक वर येते, दुसरी खाली जाते, दोन तानपुऱ्यांच्या मध्ये बसून मान इकडून तिकडे वळवावी तसं. संवेदकाचा आकडा आणि आवाजाची पट्टी शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्यावर हे उघड झालं.

ती गुणगुण काकांना ऐकवली. मूळ चित्रपटासाठी बेन बर्ट यांनी ती सिनेमाच्या प्रोजेक्टरच्या मोटरचा घुमार आणि टीव्हीच्या पिक्चर ट्यूबजवळ मायक्रोफोन नेल्यावर येणारी गुरगुर एकत्र करून बनवली होती. सांगायच्या आधीच काकांनी विचारलं, "यात पिक्चर ट्यूब आहे का गं?" चाळीस वर्षं तो आवाज कानाशी असलेला माणूस.

कार्डावर एक मजकुराची फाइलही होती, तीत रंगांचे आकडे ओळीने लिहिलेले. पांढऱ्यापुढे २५५, २५५, २५५. प्रयोगशाळेत पडद्यावर दिसलेलेच आकडे! ते १४०, १४०, १४० केले आणि एप्रिलमध्ये प्रयोगशाळा उघडल्यावर पुन्हा ऐकलं. रेषेवर १४० जात होते. क्लॅम्प मीटरवर प्रवाह दोन अँपिअरच्या खाली आला. डोळ्याला पातं किंचितच मंद वाटतं, कारण प्रकाश निम्मा झाला तरी नजरेला तो निम्मा वाटत नाही. आपटल्यावरची चमक मात्र फाइलला जुमानत नाही, ती अजूनही २५५ वरच जाते. ते आकडे कुलूपबंद प्रोग्राममध्ये असणार. चमक क्षणभराची असल्यामुळे आम्ही ती तशीच सोडली. कुलूप न उघडता इथपर्यंत येता आलं, मला हवं होतं तेवढं मिळालं.

मे महिन्यात माझ्या मुठीतला मॉस्फेटही, जळायची वाट न पाहता, बदलून घेतला. या वेळी हॉट एअर मी धरला आणि काका शेजारी बसले. मग आकृती काढली. बोर्डाच्या दोन्ही बाजू फ्लॅटबेड स्कॅनरवर १२०० डीपीआयवर घेतल्या, खालची बाजू आरशातल्यासारखी उलटवून गिम्प या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये वरच्या बाजूवर अर्धपारदर्शक ठेवली आणि तांब्याच्या वाटा एकेक करून किकॅड या सर्किट काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवल्या. जी वाट नजरेने पटली नाही ती बझरने तपासली. हे काम डोळे दुखवणारं आहे, रोज तासभरच करावं. खर्च विचाराल तर अ‍ॅनालायझर, एसटी-लिंक, मॉस्फेट, टेप, फ्लक्स, नवी कार्डं मिळून दोन हजारांच्या आत. मोठी उपकरणं काकांची आणि कॉलेजची.

आकृतीतल्या दोन जागा अजून रिकाम्या आहेत. प्रोसेसरचे आणखी दोन पाय बोर्डाच्या कडेला दुसऱ्या उघड्या ठिपक्यांना जातात आणि सुरू होताना त्यांतल्या एकावर काही मिलिसेकंद हालचाल दिसते. निर्मात्याची चाचणीची सिरियल वाट असावी असा विद्यार्थ्याचा अंदाज आहे. येत्या दिवाळीच्या सुट्टीसाठी प्रयोगशाळेचा अर्ज या वेळी ऑगस्टमध्येच देऊन ठेवला आहे.